जरा बरं नाही

"अनुसाक्का, तात्यास्नी जरा बरं न्हाई. येऊन जावा म्हणलंय."

दौलूचा तो आवाज अजून माझ्या कानात आहे. ओला, जड, घशाच्या तळाशी काहीतरी अडकल्यासारखा. आता दौलू नाही, आत्याबाई नाहीत, ज्यांना बरं नव्हतं ते तात्या तर कधीचेच गेले. पण दुपारची कधी एकटी बसले, की तो आवाज येऊन उंबऱ्याबाहेर उभा राहतो. आत ये म्हटलं तरी येत नाही.

त्या दिवशीही आला नव्हता. दौलू दुधाच्या टेम्पोवर असायचा. बेलेवाडीपासून गावोगावची कॅनं गोळा करत आमच्या दारावरून डेअरीला जायचा. बेलेवाडी हे आत्याबाईंचं माहेर. आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. आमच्याकडे सासूला आत्याबाईच म्हणतात. माझं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. मालक कारखान्यात पाळीवर गेलेले, घरात आम्ही दोघीच.

"आत तरी ये की रं," आत्याबाई म्हणाल्या. "माले, चहा टाक."

मी चहा घेऊन आले तेव्हा तो पायरीखालीच उभा होता. चपला पायांत. त्यानं कपाकडं पाहिलं, माझ्याकडं पाहिलं आणि मान वळवली.

"नको वयनी. च्या नको."

मग खांद्यावरच्या टॉवेलानं गाल दाबला, तसाच डोळ्यांपर्यंत नेला आणि टेम्पोकडं निघून गेला. मागं धुरळा आणि आंबट दुधाचा वास राहिला.

माझ्या हातातल्या चहावर साय धरायला लागली. आत्याबाई खांबाला टेकल्या.

"ठेव तो कप खाली," त्या म्हणाल्या. "बाप गेला माझा."

"असं काय बोलता? जरा बरं न्हाई म्हणाला तो."

"तू नवी हाईस, पोरी. मयताचा सांगावा आणणारा 'मेलं' म्हणतो का कधी? माणूस वाटंतच कोसळंल. 'जरा बरं न्हाई' म्हणायचं, उंबरा वलांडायचा न्हाई, त्या घरचं पाणीसुदीक घ्यायचं न्हाई. अशी रीत हाय."

"मग खरंच जरा बरं नसलं, तर काय म्हणतात?"

"त्येच म्हणतात."

"मग ओळखायचं कसं?"

आत्याबाईंनी त्या कपाकडं बोट केलं.

शेजारच्या गौराक्का भिंतीवरून ऐकत होत्या. त्यांच्या कानाला भिंत कधी आडवी येत नसे. पदर सावरत त्या आल्या.

"दौलूनं च्या घेतला न्हाई? आपल्या दौलूनं? अगं, आमची म्हस मेली तवा समाचाराला आला अन दोन कप पिऊन गेला त्यो. त्यानं च्या न्हाई घेतला म्हंजी संपलंच की, बाई."

असं ठरलं. तिघी बायका, एक भरलेला कप, आणि तात्या गेले. मी शाळेत शिकलेली होते, मॅट्रिकला बसलेली होते. पण त्या कपापुढं ते काही कामाला आलं नाही. आणि खरं सांगायचं तर तोवर मलाही पटलं होतं. दौलूनं डोळे पुसलेले मी पाहिले होते.

आत्याबाई रडल्या नाहीत. मांडीवर हात उलटे टाकून बसल्या. दळण संपल्यावर जात्यापुढं बसायच्या तशा, अंगातलं सगळं पीठ होऊन सांडल्यासारख्या.

"एकच माणूस हुता गं, गौरे, खरं जाणणारा," त्या म्हणाल्या. "त्योबी गेला. आता कुणाला इचारू?"

"सोड की आता त्ये," गौराक्का म्हणाल्या.

"काय सोडू? त्येवढंच तर धरलंय."

काय धरलंय, ते मला गाडीत बसल्यावर कळलं.

*

बेलेवाडीला सरळ गाडी होती. पण आम्ही आधी पेठेला गेलो. बापाच्या मयताला लेकीनं कोरं कापड न्यायचं असतं. दुकानदारानं आत्याबाईंच्या तोंडाकडं पाहिलं आणि न विचारता पांढरा तागा काढला. असल्या कापडाची कुणी घासाघीस करत नाही. कापड फाटतानाचा तो लांब आवाज ऐकून आत्याबाईंनी डोळे मिटून घेतले.

स्टँडवर बेलेवाडीची गाडी नुकतीच परत येऊन लागली होती. कंडक्टर ओळखीचा निघाला. आत्याबाईंच्या हातातलं कापड पाहून त्यानं टोपी काढली.

"तुमच्या वडलांच्या आळीतच गाडी अडकली हुती सकाळी. ही माणसं जमलेली! समद्या पांढऱ्या टोप्या. वळवायला जागा न्हाई."

"बघ," आत्याबाई मला म्हणाल्या.

"कशासाठी जमली होती, विचारलंत का?" मी कंडक्टरला म्हटलं.

"आता काय बोलायचं, ताई? असल्या गर्दीला कुणी इचारतं व्हय?"

गाडी निघाली. फाल्गुनाचं ऊन होतं. दोन्ही अंगाला ज्वारी काढून झालेली रानं, कुठं कुठं खळ्यावर उफणणी चाललेली. एका खळ्याकडं पाहत आत्याबाई बोलायला लागल्या. माझ्याशी बोलत होत्या की काचेशी, कोण जाणे.

"आईच्या वेळीबी असंच खळं पडलं हुतं. सकाळचाच सांगावा आला. 'अनुसा, आईला जरा बरं न्हाई, येऊन जा.' आणणारा म्हातारा हुता, पाणी पिला, भाकरी खाल्ली. मी मामंजींना इचारलं. म्हणालं, जराच बरं न्हाई ना? मग खळं उरकून जा उद्या. म्या खळं उरकलं. सारवलंबी. दुसऱ्या दिवशी गेले, तर शिवेवरच माणसं भेटली. वल्या अंगानं माघारी येत हुती."

मी त्यांच्याकडं सरकून बसले.

"तवापासनं येकच इचारते. सांगावा धाडला तवा माझी आई जित्ती हुती, का गेल्यावर मला गोड बोलून बोलावलं? येवढंच. सुताराच्या काकीला इचारलं, ती म्हणाली, पहाटंच गेली हुती गं, बाई. भावकीतल्या म्हाताऱ्याला इचारलं, त्यो म्हणाला, दुपार झाली असंल, पर सांगाव्याच्या आधीच. पुजाऱ्याला इचारलं, त्यो म्हणाला, मी गावात नव्हतो, पर आधीच गेली म्हणून ऐकलं. येकाचं येकाला जुळत न्हाई. पर आधीच गेली हुती, ह्ये समद्यांचं सारखं."

"कुणीच वेगळं नाही सांगितलं?"

"चंद्रीनं सांगितलं. 'जित्ती हुती की, पाणी मागत हुती,' म्हणाली. पर चंद्रीचं काय धरायचं? दोन तोंडांचं वासरू बघितलं म्हणून तिनं समदं गाव वड्याकाठी पळवलं हुतं. तिनं सूर्य उगवला म्हणलं, तरी भाईर जाऊन बघावं लागतं."

"आणि तात्या?"

"तात्या?" त्यांनी कापडाची घडी पुन्हा नीट केली. "तात्या हाताकडं बघायचं. म्या म्हणायची, तुमी खोटा सांगावा धाडला, तात्या. ती गेली हुती अन तुमी बरं न्हाई म्हणालासा. त्यांनी हू म्हणलं न्हाई, चू म्हणलं न्हाई. मग म्या जायाचंच सोडलं. तुमच्या लग्नात आलं तवा पाया पडले, बोलले न्हाई. आता…"

गाडीचा पत्रा थडथडत राहिला. मी त्यांचा हात धरला. तो खरखरीत हात माझ्या हातात नुसता पडून राहिला, धरला नाही की काढून घेतला नाही.

*

गाडी पुन्हा गर्दीत अडकायला नको म्हणून कंडक्टरनं आम्हाला फाट्यावरच उतरवलं, तिथून पांदीनं चालत जायचं होतं. गावाच्या शिवेवर एक जुनी चिंच आहे. ती दिसली आणि आत्याबाई थांबल्या. कापड त्यांनी उजव्या हातावर घेतलं, डावा तळवा कपाळाला लावला आणि हेल काढला.

माहेरच्या मयताला लेक शिवेपासून रडत जाते. ते नुसतं रडणं नसतं. त्याला चाल असते, जात्यावरच्या ओवीसारखी. फक्त जातं नसतं, म्हणून फिरायला जागा नसते, सगळं सरळ छातीतून येतं. जन्मभर तोंडावर बोलता आलं नाही ते त्या हेलात बोलायची मुभा असते. ज्याला ऐकायचं तो गेलेला असतो, आणि बाकीचे ऐकून न ऐकल्यासारखं करतात.

*बापाच्या गावाची, चिंच दिसती लांबून*
*आता कोण म्हणंल, लेकी, घटकाभर जा थांबून*

रानातल्या बाया खुरपी टाकून उठल्या. एक जण बांधावरून धावत आली. मला वाटलं, ही आता काहीतरी सांगेल. ती जवळ आली, तिनं आत्याबाईंच्या हातातलं कापड पाहिलं, तोंडाचा आ केला आणि गळ्यात पडून तिनंही हेल काढला. दुसरी आली, तिसरी आली. कुणी कुणाला विचारलं नाही. लेक कापड घेऊन आली म्हणजे लेकीला ठाऊकच असणार. आळीत शिरेपर्यंत आम्ही बायकांचा लोंढा झालो होतो आणि आत्याबाई पुढं.

*सांगावा धाडिला, म्हनं जरा बरं न्हाई*
*खळं सारवून आले, घरामंदी न्हवती आई*

आळीत खरोखरच गर्दी होती. पांढऱ्या टोप्या होत्या. आणि त्यांच्या मधोमध एक मोठं यंत्र जमिनीत घुसून घरघरत होतं. शेजारच्या परड्यात बोअर पाडत होते, आणि पाणी कुठं लागतंय ते बघायला सगळं गाव लोटलं होतं. मी ते पाहिलं. मी आत्याबाईंचा पदर ओढला. त्यांना कळलं नाही. हेल काढणारीला काही दिसत नसतं.

बायकांचा लोंढा पाहून यंत्रावरच्या माणसानं यंत्र बंद केलं. एकदम शांत झालं. त्या शांततेत आत्याबाईंचा आवाज उघडा पडला.

*बापाजी, तुमचं, खोटं गुळावानी गोड*
*त्या गोडाच्या मागं, माज्या जिभंला आला फोड*

*एकाला ठावं हुतं, एक जाणता निघाला*
*माज्या आईचं मरण, आता पुसू मी कुणाला*

पुसू मी कुणाला, म्हणत त्या अंगणात शिरल्या.

अंगणात शेवग्याच्या सावलीत बाज होती. बाजेवर, कपाळावर ओल्या फडक्याची घडी ठेवून, उशीला टेकून तात्या बसले होते. डोळे उघडे. आमच्याकडंच पाहत.

मागच्या बायकांपैकी एकीला दिसायला उशीर झाला. तिचा हेल एकटाच थोडा पुढं गेला आणि मध्येच तुटला.

"कोण गेलं?" तात्यांनी विचारलं.

तात्यांनी बायकांकडं पाहिलं, लेकीकडं पाहिलं, लेकीच्या हातावरच्या कापडाकडं पाहिलं. मग हळूच म्हणाले, "असं हाय व्हय?"

आत्याबाई जागच्या जागी खाली बसल्या. माती लागू नये म्हणून कापड मात्र त्यांनी मांडीवर उचलून घेतलं होतं.

तात्यांची सून शेवंता आतून पिठाच्या हातानं धावत आली. बघून तिनं कपाळावर हात मारला, पीठ कपाळाला लागलं.

"वन्सं, अवो ह्ये काय! दौलूला धा येळा सांगितलं म्या, ताप हाय, तात्या सारखं अक्काचं नाव घ्यायला लागल्यात, येऊन जावा म्हणावं. मुडद्यानं काय सांगितलं?"

"त्यानं तेच सांगितलं," मी म्हणाले. "पण चहा घेतला नाही."

"कसा घील? दाढ सुजलीया त्याची. कालपासनं गरम काय तोंडाला लावत न्हाई. बोलतोय का रडतोय तेबी कळत न्हाई त्याचं."

एका म्हातारीला हसू आलं. मग दुसरीला. बांधावरून धावत आलेली बाई तर तोंडात पदर कोंबून बाहेरच गेली. बाहेर कुणीतरी म्हणालं, "चालू कर रं मशीन, तात्या हाईत." यंत्र पुन्हा घरघरायला लागलं आणि बायका एकेक करून पाणी बघायला निघून गेल्या.

*

अंगणात आम्ही चौघंच उरलो. नंतर शेवंताही भाकऱ्या करपतील म्हणून आत गेली.

"आण हिकडं," तात्या म्हणाले.

आत्याबाईंनी कापड दिलं. तात्यांनी ते दोन बोटांत धरून चोळून पाहिलं. त्यांचा हात तापानं लाल झाला होता.

"जाड हाय. बरं हाय. थंडीत गेलो तर उपेगी पडंल."

"तात्या!"

"का? थांबलीस का गं? रड की. तुझ्या आईचा गळा हाय तुला, मला ठावंच नव्हतं."

मला तिथून उठावंसं वाटत होतं. तात्यांनीच माझी सोडवणूक केली. "सूनबाई, आत शेवंताला म्हणावं, च्या कर. समद्यास्नी."

मी चहा घेऊन आले तेव्हा दोघं तसेच होते. तात्या हाताकडं पाहत होते. आत्याबाई तात्यांकडं. मी कप पुढं केला. आत्याबाईंनी तो घेतला आणि खाली ठेवला.

"घे," तात्या म्हणाले. "घे गं. कोण मेलेलं न्हाई हितं."

त्यांनी घेतला. तात्यांनी बशीत ओतून फुंकर मारली. दोघांनी चहा प्यायला. कित्येक वर्षांनी बापलेक एका वेळी काहीतरी पीत होते. यंत्राचा आवाज जमिनीतून बाजेच्या पायांत येत होता.

"मशीन थांबली अन तुझा हेल आला," तात्या म्हणाले. "समदं ऐकलं म्या. माणसाला आपल्या मागं काय म्हणत्यात त्ये कळत न्हाई कधी. मला कळलं."

"रागावलासा?"

"न्हाई. बरं म्हणलीस. गुळाचं चांगलं हुतं." त्यांनी बशी खाली ठेवली. "मला खोटा म्हणलीस."

"मग काय म्हणू?" आत्याबाईंचा आवाज चढला नाही, दमलेलाच होता. "मला काय हौस हाय व्हय, तात्या? म्या गावभर इचारत हिंडले. येकाचं येकाला पटत न्हाई. गाडीत वाटलं, आता तुमीबी गेलासा, माझं इचारायचंबी संपलं. ती गाडी कशी काढली माझं मला ठावं. हाईसा तर आज सांगा. न्हाईतर सांगू नका, पर मग हाताकडं बघू नका."

तात्यांनी हात पांघरुणाखाली घेतले. शेवग्याची वाळकी पानं बाजेवर पडत होती, त्यांतलं एक त्यांच्या खांद्यावर अडकलं. आत्याबाईंनी ते उचललं आणि तसंच मुठीत धरलं.

"आज दौलूनं तुला खोटं सांगितलं का?" तात्यांनी विचारलं.

"न्हाई."

"शब्दाला शब्द खरं सांगितलं. तरी तू कापड घिऊन आलीस. च्याच्या कपावर इस्वास ठेवलास, माणसाच्या तोंडावर ठेवला न्हाईस. ह्ये मी केलंय तुझं."

आत्याबाईंनी मुठीतल्या पानाकडं पाहिलं.

"सुताराची काकी, भावकी, पुजारी, समद्यांच्या घरी मी गेलतो. हात जोडलं. म्हणलं, माझी पोर इचारत येईल. तिला सांगा, आधीच गेली हुती. वेळ ठरवून द्यायचं राहून गेलं, त्यामुळं त्यांचं जुळलं न्हाई. येक चंद्री तेवढी ऐकंना. पर चंद्रीचं कोण धरतंय म्हणून मी तिला सोडून दिली."

मी आत्याबाईंकडं पाहिलं. त्यांची मूठ आवळली गेली होती. वाळकं पान आत चुरत होतं, त्याचा बारीक आवाज आला.

"मला खोटा म्हणायचीस, तवा मला बरं वाटायचं, अनुसा," तात्या म्हणाले. "मी म्हणायचो, म्हणू दे. माझ्यावर राग धरून तिला भाकरी तर ग्वाड लागंल. त्ये खळं तिच्या घशात अडकायला नको. पर आज तू त्ये कापड घिऊन दारात आलीस… आता उद्या मी खराच जाईन, तवा तुझा इस्वास कुणावर असंल?"

"तात्या," आत्याबाई म्हणाल्या. "राहू द्या. नका सांगू."

त्यांना कळलं होतं. मला वाटतं, त्या कपावर साय धरायच्या आधीपासून कुठंतरी कळलेलंच होतं. एरवी इतकी वर्षं कुणी विचारत राहत नाही.

तात्यांनी पांघरुणातून हात काढला आणि लेकीच्या डोक्यावर ठेवला.

"सांगावा खरा हुता, पोरी. त्यो म्हातारा हितनं निघाला तवा तुझ्या आईला नुसतं जरा बरं नव्हतं. बोलत हुती. मला म्हणाली, दार लावू नका. दिवा लागंपतूर तुझी वाट बघितली तिनं."